मास्तरांचं दार

कुडाळहून निघताना बायकोने कॅमेरा रुमालात बांधून दिला, वर दोन गाठी. मी तो पाडला नव्हता हो! बॅटरीचं दार चमच्याने उघडायला गेलो, एवढंच. मोडलं. दार नीट बसल्याशिवाय तो कॅमेरा सुरूच होत नाही. रबरबँड, चिकटपट्टी सगळं करून झालं. कार्ड नव्हतंच, कॅमेऱ्याच्याच मेमरीत आईचा शेवटचा फोटो होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर.

मी कामाला निघालो होतो आणि आई दारात उभी होती, तेव्हाचा तो फोटो. "येतंय गो (येतो गं)," म्हणालो होतो. चौथ्या दिवशी आलो, तेव्हा अंगणात माणसं जमलेली.

म्हापशात दुकानदाराने कॅमेरा लांबूनच पाहिला. "अंकल, हें दार आतां मेळना (मिळत नाही). डिचोलेंत बाबलकाका आसा, ताका विचारात (त्याला विचारा)."

डिचोलीच्या वाटेवर खाणीच्या धुळीने झाडंसुद्धा तांबडी. स्टँडवर पातळभाजीत बुडवून उंडो (कडक गोल पाव) खाल्ला आणि दुकान शोधलं. ते एका जिन्याखाली निघालं.

बाबलकाकांनी खणातून अगदी तसाच कॅमेरा काढला. "धारगळच्या मास्तरांचो. ते गेले, बायलेन (बायकोने) हाडून (आणून) दिलो." तो त्यांनी कपाळाला लावला. "मास्तर, तुमचें दार ह्या पाव्हण्याक दितां. काम जालें की तो परत हाडून दितलो." मग माझ्याकडे पाहिलं. "दितले मू?"

"देणार तर!" मला हसू येत होतं.

दार बसलं. टक्. पडद्यावर आई उमटली आणि माझं हसू गेलं.

फोटो उतरवायची केबल घरी राहिलेली. कॅमेरा पिशवीत टाकला आणि निघताना उगाच गंमत म्हणून खणाकडे हात केला. "येतंय हां, मास्तर!"

बाबलकाकांचा चेहरा उतरला. "मेल्ल्या मनशाक अशें म्हणूंक जायना (म्हणू नये). तो वाट पळयता (बघतो)."

परतीची बस धारगळला थांबली. "कोण देंवता (उतरतं)?" कंडक्टरने विचारलं. कोणी उठलं नाही. माझ्या पिशवीत टक् झालं. पाहिलं, तर दार उघडं आणि बॅटरी बाहेर.

कंडक्टर मागच्या दाराकडे बघून वैतागला. "दारांत कित्याक (कशाला) उबे? देंवपाचें जाल्यार (उतरायचं असेल तर) देंवा!"

मी वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं. कंडक्टरने घाईने घंटी मारली.

कुडाळपर्यंत ते दार मी अंगठ्याने दाबून धरलं. "अवो, सोडा आता!" बायको म्हणाली, तरी फोटो उतरेपर्यंत सोडलं नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी डिचोली गाठली. बाबलकाकांनी दार मास्तरांच्या कॅमेऱ्याला परत बसवलं. "जातंय, मास्तर," मी म्हणालो, या वेळी हात जोडून. येताना धारगळला पिशवीत काहीच वाजलं नाही.

आईचा फोटो आता आमच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. बाहेर पडताना तोंडातून "येतंय गो" निघतंच. बायको डोळे वटारते, "अवो, जातंय म्हणा!" नाही म्हणवत. आई वाट बघत असेल, तर बघू दे. हल्ली मी लवकर घरी येतो.