वास गेल्यानंतरची चटणी

नोकरी लागल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मोपेड घेतली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. हेल्मेट घालून जाणाऱ्याकडं कोल्हापुरात तेव्हा लोक वळून बघायचे. आईला मागं बसवून मी मंडईत, देवळात, लग्नाकार्यात न्यायची. तिला त्याची फार हौस. गल्लीच्या तोंडाशी कुणी भेटलं की मला थांबायला लावून सांगायची, "लेक सोडती मला. रिक्षा न्हाय आता."

एका रविवारी आम्ही उचगावला मावशीकडं गेलो होतो. निघताना मावशीनं मळ्यातली वांगी पिशवी भरून दिली. मोपेडला पुढं एकच हूक होता आणि त्याला माझी पर्स अडकवलेली होती. नवी पर्स होती. पिशवी आईनं मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. वाटेत रस्त्याच्या कडेला खडी सांडलेली होती. समोरून ट्रक आला, मी गाडी कडेला घेतली आणि मागचं चाक सरकलं. माझं कोपर खरचटलं, तेवढंच. आई मागच्या मागं पडली आणि तिचं डोकं मागच्या बाजूनं रस्त्यावर आपटलं.

ती आपणच उठून बसली. पदर सारखा केला आणि विचारलं, "तुला लागलं न्हाय न्हवं?" मी रडायलाच लागले होते. "रडतीस काय? वांगी गोळा कर की, चाकाखाली जातील."

दवाखान्यात डोक्याचं स्कॅन काढलं. कवटीला तडा नाही, आतून थोडी सूज आहे, आठवडाभर पडून राहू द्या, असं सांगून डॉक्टरांनी घरी सोडलं. आम्ही सुटलो म्हणालो. वडिलांनी पेढे आणले.

पुढचं कळण्यासाठी आई काय करायची ते सांगायला हवं. ती लोकांना चटणी करून द्यायची. आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षभराचा कांदा-लसूण मसाला. उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका मिरच्या, धणे, खोबरं आणून टाकायच्या आणि आई सगळं भाजून, कांडून आणायची. तिच्याकडं मापं नव्हती, घड्याळ नव्हतं. ती बाहेरच्या खोलीत मिरच्यांची देठं काढत बसलेली असायची आणि तिथूनच मला ओरडायची, "खोबरं उतर! झालं त्ये!" मी उतरवायची, तेव्हा ते बरोब्बर बदामी झालेलं असायचं.

पडल्यानंतर तीनेक आठवड्यांनी मी न्हाणीत होते आणि मला दूध करपल्याचा वास आला. तशीच धावत बाहेर आले. आई शेगडीजवळच तांदूळ निवडत बसली होती. पातेल्यातून काळा धूर येत होता, पण तिची पाठ तिकडं होती.

"आई, दूध!"

तिनं वळून पातेल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सर्दी झालीया मला," म्हणाली. तिला सर्दी नव्हती. आठ दिवस मी तिला शिंकताना पाहिलं नव्हतं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावले आणि एकेक बाटली नाकाशी धरली. कॉफी, साबण, लवंगेचं तेल. ती प्रत्येक वेळी मान हलवायची. एका बाटलीला मात्र म्हणाली, "कापूर." मला इतका आनंद झाला की मी उभीच राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "वास आला?"

"न्हाय. गार लागलं नाकात. म्हटलं, कापूर असंल."

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दोन्ही भुवयांच्या मागं, नाकाच्या छताला, एक हाड असतं चाळणीसारखं. त्याच्या भोकांतून केसाहून बारीक तंतू वर मेंदूत जातात. वास घेणारे ते तंतूच; नाक नुसता रस्ता. डोकं मागून आपटलं की मेंदू आतल्या आत पुढं-मागं हिंदकळतो आणि ते तंतू त्या चाळणीवर तुटतात. जीभ तिची शाबूत आहे. खारट, आंबट, गोड, कडू कळेल. तिखटाची नस वेगळी, त्यामुळं झोंबेलही. पण आपण ज्याला चव म्हणतो ती जवळजवळ सगळी वासाचीच असते.

वडिलांनी औषध विचारलं. औषध नव्हतं. कधी कधी तंतू पुन्हा वाढतात, वर्ष-दीड वर्ष वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले.

रिक्षात आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "मला वाटलं आणि काय मोठं निघतंय. नाकच की. डोळं हायत, कान हायत."

"आई, त्या दिवशी माझी पर्स हुकाला नसती तर..."

"गप बस. खडी तू टाकलीतीस व्हय?"

तिनं मला कधीच दोष दिला नाही. पुढच्याच आठवड्यात मुद्दाम माझ्या मागं मोपेडवर बसली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबून दोघीतिघींशी बोलली. मी गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढं जात होते. तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. कुणी दोषच देत नसेल तर माफी मागायची तरी कशी?

घर हळूहळू बदललं. आमटी तिखट होत गेली, कारण तिला तेवढंच कळायचं. जेवताना ती तोंड पुसत म्हणायची, "आता जरा बरं लागतंय," आणि आम्ही डोळ्यांतलं पाणी लपवत भात कालवायचो. ती दिवसातून दोनदा अंघोळ करायला लागली. कुणी येणार असलं की हळूच विचारायची, "माझ्या अंगाला वास तर येत न्हाय न्हवं?" शिळं आहे का ते कळत नाही म्हणून चांगलं अन्न टाकून द्यायची. पूर्वी बायकांच्या घोळक्यात सगळ्यात मोठा आवाज तिचा असायचा. आता ती जरा लांबच बसायची.

मग एके दिवशी संध्याकाळी ती ओरडली, "काय तरी जळतंय! रबर जळतंय!" मी आणि वडील आनंदानं धावलो. वास आला! पण घरात काहीच जळत नव्हतं. असं मग वरचेवर व्हायला लागलं. ती गॅस बघायची, वायरी हुंगायची, शेजारी जाऊन विचारून यायची. डॉक्टर म्हणाले, नाकाकडून खबर येईनाशी झाली की मेंदू कधी कधी स्वतःच वास तयार करतो. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे खरा वास कळत न्हाय आणि खोटा मातर येतोय," एवढंच म्हणाली.

उन्हाळा आला. मी म्हटलं, यंदा चटणी नको घेऊ. ती म्हणाली, "हाताला सवय हाय माझ्या. मी करतो की." आमच्याकडच्या बायका पुरुषांसारखं 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. मला ऑफिस होतं. तिनं एकटीनं सगळं भाजलं. कांडून आणलेली चटणी संध्याकाळी मी भाकरीबरोबर चाखली. खोबरं करपलेलं होतं. चटणीला जळका, कडवट वास होता. आई माझ्या तोंडाकडं बघत होती. मिरचीच्या जाळात तो कडूपणा तिला कळला नसणार.

"कशी झालीया?"

"झकास," मी म्हटलं. "नेहमीसारखी."

वडिलांनीही मान डोलावली. त्यांनाही माझ्यासारखंच तिला खरं सांगवलं नसणार. चटणी घरोघर गेली. काही दिवसांनी समोरच्या काकूंनी मला फाटकाशी गाठलं. "तुझ्या आईला सांगू नकोस हं, पण यंदा चटणी पार कडू झाली. बिचारीला कसं बोलायचं?"

"नका सांगू काकू," मी म्हटलं. वर त्यांचे आभार मानले.

पुढच्या उन्हाळ्यात निम्म्या बायका आल्याच नाहीत. कुणी गावाकडून आणली होती, कुणाची सून करणार होती. आई दुपारी दारात बसून वाट बघायची. जेवढी आली तेवढी चटणी तिनं केली, पुन्हा तशीच, आणि मी पुन्हा झकास म्हटलं.

दिवाळीच्या आधी ती चकल्या करायला म्हणून समोरच्या काकूंकडं गेली. फडताळातून पीठ काढताना तिला तिथं आपली बरणी दिसली. उन्हाळ्यात बांधून दिलेलं फडकंसुद्धा सुटलं नव्हतं. ती तशीच घरी आली. मी नुकतीच ऑफिसमधून आले होते.

"खरं सांग. माझी चटणी कशी हाय?"

मी काहीतरी बोलायला गेले. तिनं हात वर केला. "खरं."

"खोबरं करपतंय, आई."

"कवाधरनं?"

"पहिल्या वर्षापासून."

ती खाली बसली. मला वाटलं रडेल, पण ती चिडली होती. तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गाडीवरनं पडलो तवा मी तुला काय बोललो का? न्हाय बोललो. कारण त्ये तू मुद्दाम केलं न्हाईस. पर ह्ये तू मुद्दाम केलंस."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"माझं नाक गेलंय, डोकं न्हाय गेलं! तुमी सांगितलं न्हाय तर मला कळायचं कुठनं? दोन वरसं मी लोकांस्नी करपलेलं खायला घातलं आणि तुमी बघत बसला."

तिचं खरं होतं. तिच्या डोक्यापर्यंत जाणारी एक वाट माझ्या गाडीवर तुटली होती, आणि दुसरी, आम्ही तोंडानं सांगायची वाट, मी आपल्या हातानं बंद केली होती. तिच्यावर दया म्हणून नव्हे. माझ्या हातून तिचं किती नुकसान झालं ते मला मोजायला लागू नये म्हणून.

पुढचा उन्हाळा लागताच ती म्हणाली, "रजा काढ." मी रजा काढली. तिनं मला कढईपाशी उभं केलं आणि स्वतः कालथा धरला.

"आता कसा येतोय?"

"गोडसर."

"गोडसर म्हंजे? बिस्किटागत का शेंगदाण्यागत?"

मी कधी एवढं लक्ष देऊन हुंगलंच नव्हतं. मी सांगायची, ती त्या क्षणी खोबऱ्याचा रंग बघून ठेवायची, धण्यांचा तडतडाट कान लावून ऐकायची, तीळ बोटांनी चुरडून बघायची. माझं चुकलं की शिव्या द्यायची. तेव्हा मला बरं वाटायचं. पुढं तिला माझी गरज उरली नाही. काही बायका परत आल्या. काही आल्याच नाहीत, आणि समोरच्या काकूंना आईनं आपणहून नवी बरणी नेऊन दिली. रबराचा वास हळूहळू थांबला. खरा वास मात्र परत आला नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत कधीच उलटून गेली होती.

माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. काही वर्षांनी बाळंतपणाला माहेरी आले. एके दिवशी सकाळी आईनं बाळाला न्हाऊ घालून, धुरी देऊन, दुपट्यात गुंडाळून आणलं आणि सवयीनं त्याच्या टाळूवर नाक टेकवलं. मग बाळ माझ्यासमोर धरून म्हणाली, "सांग."

मी वास घेतला. "तेलाचा येतोय. धुरीचा. थोडा दुधाचा."

"त्ये मला बी म्हाईत हाय. बाळाचा सांग."

मी पुन्हा नाक लावलं. वास होता. भरपूर होता. पण त्याला शब्द सापडेना. "उबदार काहीतरी," मी म्हटलं.

"ऊब हाताला कळती की."

"मला सांगता येत नाही, आई."

"बरं," ती म्हणाली आणि काजळाची डबी शोधायला उठली.

त्यानंतर माहेरी होते तोवर, बाळाच्या टाळूचा वास घेण्याआधी मी आई खोलीत नाही ना, हे बघून घ्यायची.