बस स्टॉपसाठी भरलेली ओटी

संयुक्त महाराष्ट्राचं वारं जोरात होतं, तेव्हा लालबागला आमच्या चाळीसमोरचा बस स्टॉप बसवाल्यांनी कुणालाही न विचारता उचलला आणि थेट करी रोडच्या पुलापलीकडे नेऊन ठेवला. आईचा गुडघा धरलेला. ती पूल ओलांडेपर्यंत बस निघून जायची, आणि वरळीच्या मिलचं फाटक भोंग्याला बंद. वाइंडिंग खात्यात बायकांच्या कामावर देखरेख करणाऱ्या नायकिणीने तिला सांगूनच टाकलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर घरीच बस.

मी मॅट्रिकला होते. अर्ज मीच लिहायचे, वळणदार अक्षरात, आणि त्याचा मला नको इतका अभिमान होता. डेपोने मोठ्या ऑफिसकडे बोट दाखवलं, ऑफिसने बस कमिटीकडे. कमिटीवर आमच्याच मतांनी निवडून आलेले कॉर्पोरेटर होते. ते म्हणाले, आधी महाराष्ट्र होऊ दे, मग स्टॉपचं बघू. माझं डोकंच फिरलं. आई शांतपणे म्हणाली, "संक्रांत येऊ दे."

हळदीकुंकवाला तिने कॉर्पोरेटरांच्या बायकोला बोलावलं. बाई वरळीहून बसने आल्या, मोठ्या हसतमुख. आईने ओटीत नारळ घातला. ओटीला नाही म्हणायचं नसतं, आणि एकीच्या घरी गेल्यावर तिच्या शेजारणीला टाळताही येत नाही. आमच्या मजल्यावर बारा बिऱ्हाडं. आईने आधीच बजावलं होतं, त्यामुळे प्रत्येकीने चांगला थोरला नारळच घातला.

निघताना बाईंच्या दोन्ही पिशव्या फाटायला आल्या होत्या. मी हात पुढे केला तर आईने डोळे वटारले. आम्ही त्यांना पोचवायला निघालो. आई लंगडत, बाई वाकलेल्या आणि मी रिकाम्या हातांनी, शरमेने मेलेली. पुलावर बाईंनी पिशव्या टेकवल्या.

"स्टॉप पलीकडे नेल्यापासून मी रोज सकाळी हा पूल अशीच चढते," आई म्हणाली. "भोंगा गाठायला."

बाईंनी तिच्या पायाकडे पाहिलं, मग पिशव्यांकडे, आणि हसू आवरेना त्यांना. म्हणाल्या, "हे सगळे नारळ आता आमच्या ह्यांच्यापुढे ठेवते."

पंधरवड्यात स्टॉप चाळीसमोर परत आला.

पुढच्या संक्रांतीला बाई आमंत्रणाची वाट न पाहता आल्या, दोन रिकाम्या पिशव्या घेऊनच. पाटावर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, भोंग्याआधी पोचता ना?

पोचते, म्हणाली आई, आणि त्यांच्या ओटीत तिने फक्त एक सुपारी घातली.