छाटायची राहिलेली वेल

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मी रोज सकाळी मानवतहून सेलू रस्त्यावरच्या शाळेत शिकवायला सायकलनं जातो, वाटेत त्यांची द्राक्षबाग लागते. पाखरं हाकायला ते बांधावर पत्र्याचा डबा बडवत उभे असतात. मी दिसलो की डबा थांबायचा आणि चेष्टा सुरू व्हायची.

"मास्तर, पगार हाय, मोटारसायकल घ्या की. लोक काय म्हणतील?"

आमच्या घरात कॉलेज बघितलेला मी पहिला, म्हणून मला ते बोलणं लागायचं.

थंडीत सायकलवरून पडून पाय मोडला. प्लास्टर निघालं, पण भीती गेली नाही. सायकल विकायचंच ठरवलं होतं. एप्रिलात एकदा हिंमत करून सायकलवरच निघालो. बागेत काढणी होऊन छाटणीही उरकली होती, सगळ्या वेली बोडक्या. रस्त्याकडची एकच पानांनी भरलेली, तिच्यावर कागदात गुंडाळलेला घड.

"काका, ही का राहिली?"

"तुमच्यासाठी. पाय मोडल्याचं कळलं होतं, म्हणून वाट बघत ठिवली. घरचे मला येडा म्हणायलेत." त्यांनी घड तोडून दिला. मणी जरा सुकले होते. "मोटारसायकलवर आला असता तर दिला नसता."

मग कात्री काढून, मी तिथं उभा असतानाच, त्यांनी ती वेल छाटायला घेतली.