वरून खाली येण्याचा नियम

व्हर्लिन कोप्के दुधाचा टँकर चालवायचा. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात त्याच्याइतका जमिनीला चिकटलेला माणूस दुसरा नव्हता. छपराच्या पन्हळीत पानं अडकली की त्याची बायको बर्नाडेट शिडीवर चढायची आणि हा खाली शिडी धरून, डोळे मिटून उभा राहायचा. माझे पंख राखले ते या माणसानं.

रविवारी चर्चनंतर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती दोघं, गॉर्डी आणि मी असे चौघं खेळायला बसायचो. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, बर्नाडेटनं गोष्ट पुढे न्यायची, आणि लढाईत कोण पडलं ते फाशांनी सांगायचं. व्हर्लिन म्हणजे ग्रिम, कुऱ्हाडवाला बुटका. कित्येक हिवाळे त्यानं त्याला जिवंत ठेवलं होतं. मी ससाण्याच्या पंखांची बाई. नवरा गेल्यापासून आठवडाभर माझं कुणाशी फारसं बोलणं होत नसे. रविवारी मात्र मी उडत असे.

पण मी वर जाऊन नुसते बाण सोडायची. माझ्यापर्यंत कुणाचा हात पोचत नसे, म्हणून प्रत्येक लढाई माझ्या एकटीची होऊन बसे.

शेवटी गॉर्डी भडकला. "आम्ही काय इथे बटाटे सोलायला येतो? आयोनीचे पंख छाटा, नाहीतर मी चाललो."

"पुढच्या रविवारपर्यंत उडण्याचा धड नियम झाला तर ठीक," बर्नाडेट म्हणाली. "नाहीतर पंख गेले गं, आयोनी."

मी हसले. घरी गेले आणि अंगातला कोटही न काढता अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

व्हर्लिननं आठवड्याच्या मधेच आम्हाला बोलावलं. त्याचा नियम सोपा होता: बाण बंद, झडप घालायची, जितक्या उंचावरून झडप, तितका घाव मोठा. करून बघायला गॉर्डीलाही पंख दिले. मी माझ्या पात्राची शिशाची बाहुली उंची म्हणून साखरेच्या डब्यावर ठेवली. गॉर्डीनं त्याची कॉफीच्या डब्यावर. मग मी फ्रिजवर, आणि तोही फ्रिजवर. खाली यायला कुणी तयार नाही. टेबल रिकामं, कॉफी गार.

"शिडी देऊ का?" बर्नाडेट म्हणाली. "छपरावर जाऊन खेळा."

व्हर्लिन हसला नाही. शनिवारी दूध भरताना त्यानं एक ससाणा पाहिला. तो गवतातल्या उंदरावर आला, चुकला, आणि पंख पसरून तिथेच बसला, वेंधळ्यासारखा. पुन्हा वर जायच्या आत कावळे त्याच्यावर तुटून पडले.

रविवारी नियम बदलला होता. फार वेळ वर राहिलं की दमून खाली यायचं. झडप घातली की सगळी उंची खर्च. मग पुढच्या डावापर्यंत जमिनीवर, सगळ्यांच्या हाताशी.

आमच्या टेबलाची एक रीत होती. ज्यानं नियम केला त्याच्यावरच तो आधी चालवायचा. त्यात त्याचं पात्र मेलं तर मेलं.

"दुसऱ्या कुणावर चालवू या रे," गॉर्डीच म्हणाला. "ग्रिम नको."

"रीत ती रीत," व्हर्लिन म्हणाला.

माझी बाहुली कॉफीच्या डब्यावर होती. "व्हर्लिन, मी जरा कमी उंचीवरून येऊ?"

"कमी उंचीवरून आलीस तर खरं काय ते कळायचं कसं? ये."

मी फासे टाकले. बर्नाडेटनं घाव मोजला, पुन्हा मोजला, आणि नवऱ्याकडे पाहिलं. व्हर्लिननं ग्रिमला दोन बोटांनी हळूच आडवं केलं.

मग गॉर्डीनं खुर्ची पुढे ओढली. माझी बाहुली त्याच्या तलवारवाल्या बाहुलीशेजारीच उभी होती.

"आता सापडलीस, बाई!" त्यानं फासे इतक्या जोरात टाकले की एक चुलीखाली गेला. माझा अर्धा जीव गेला. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

"पंख राहू देत," गॉर्डी म्हणाला. "खाली तर येते ना."

व्हर्लिन ग्रिमला रुमालात गुंडाळत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला.

"मला आता नवीन कुणीतरी व्हावं लागणार," तो म्हणाला. "उडणारं नको हं. मला गरगरतं."