वाल्बुर्गाचे गुरुवार

वाल्बुर्गा आइग्नर व्हिएन्नाच्या वीडेन भागात राहायची. बाप गाडीवान, गाणं त्यांच्या सात पिढ्यांत नव्हतं. पण पोरीचा गळा चांगला होता, आणि तो शेजारच्या हाल्मर मास्तरांच्या कानावर पडला. मास्तर शाळेत शिकवायचे आणि गाणी रचायचे. ती कुणी छापत नसे, म्हणून वाल्बुर्गाकडून गाऊन घ्यायचे.

"इथं श्वास घेऊ नकोस," म्हणायचे. "ओळ संपू दे. जीव गेला तरी चालेल."

जीव त्यांचाच गेला, तिसाव्या वर्षी, तापानं.

पुढं दहा वर्षं ती गाणी वाल्बुर्गानंच जगवली. दर गुरुवारी प्रेख्टल वकिलांच्या दिवाणखान्यात ती गायची आणि वकीलबाई पियानोवर साथ करायच्या. लग्नाचं कुणी काढलं, तर म्हणायची, "बाकीचे सहा दिवस गुरुवारची वाट बघण्यात जातात. वेळ कुठाय?"

१८३८ च्या वसंतात पॅरिसहून व्हार्गा नावाचा पियानोवादक आला आणि सारं शहर खुळावलं. तो स्वतः मोठा रचनाकार; पण हाल्मरच्या गाण्यांनी त्याला असं झपाटलं की, त्यानं ती एकट्या पियानोसाठी बसवली. गायकाचं कामच नाही. भरदुपारी मैफल होती. वाल्बुर्गा मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली, चुका काढायच्या तयारीनंच. पण त्याच्या अंगठ्याखालून तिची ओळ निघाली ती अखंड, मास्तरांना हवी होती तशी. ती मात्र इतकी वर्षं त्या जागी चोरून श्वास घेत आली होती.

गर्दीतून वाट काढत ती त्याच्यापाशी गेली. "ही गाणी मी त्यांच्याकडूनच शिकले," म्हणाली.

त्यानं तिचे हात धरले. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं. "बाई, मी त्यांचा नुसता हमाल. आता बघा, घराघरात पोचतील."

पोचलीच. हिवाळ्यात वकीलबाईंनी तिच्यापुढं व्हार्गानं बसवलेल्या त्या गाण्यांची छापील वही ठेवली. "राग मानू नकोस हं. आमच्या पोरीला, एमिलीला, हे सगळं वाजवता येतं आता. तुलाही जरा आराम."

"मग मी गुरुवारी काय करू?"

"ये की. कॉफी घे, ऐक. पानं उलटायला कुणीतरी लागतंच."

दोन गुरुवार तिनं पानं उलटली. तिसऱ्याला एमिली अवघड जागी अडखळली, आणि वाल्बुर्गानं नकळत ओळ गाऊन पुढं नेली. सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"अरे, याला शब्दही आहेत होय?" एक पाहुणा हसून म्हणाला.

वाल्बुर्गानं पान उलटलं. त्यानंतर ती त्या घरी गेली नाही. खोलीत एकटीनं गाऊन पाहिलं. पण त्या जागेपाशी आली की श्वास घ्यावाच लागायचा, आणि घेतला की पुढं गाववेना.

शेवटी लिंझला भावाकडं राहायला गेली. एकदा भावजयीनं विचारलं, "वन्सं, तुम्ही राजधानीत गात होता म्हणे?"

"छे. साथीला होते," वाल्बुर्गा म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.