स्वीडिशमधलं आवतण

स्वीडिश भाषेत ‘प्लीज’ला सरळ शब्द नाही हे मला कळलं, तेव्हा मी मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यावर आधीच तापलेलो होतो. त्यांचा मेसेज आला होता. फोनकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. जूनमध्ये लग्नाला या, गरम कपडे आणा, आमच्याच घरी राहा, थँक्स. बस, एवढंच. वीज तोडायच्या नोटिशीतसुद्धा ‘कृपया’ असतं.

मुलीला फोन लावला. ती म्हणाली की तिकडे ‘प्लीज’च्या जागी वाक्याच्या शेवटी ‘टाक’ म्हणतात, म्हणजे थँक्स. ‘स्नेल्ला’ असा एक शब्द आहे, पण तो लेकरं चॉकलेटसाठी गळ घालताना वापरतात. मोठा माणूस मोठ्या माणसाला सहसा म्हणत नाही. म्हणजे समोरचा हो म्हणायच्या आधीच आभार मानून मोकळं व्हायचं, त्याला नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही. माझ्या दुकानात कोणी असं बोललं असतं तर मी त्याला पायरीवरूनच परत पाठवलं असतं, असं मी मुलीला सांगितलं. ती गप्प बसली की आईवर गेलेली दिसते.

माझं घर जालना जिल्ह्यात वडीगोद्रीला, दुकान तिथंच हायवेला लागून. जुने ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ट्रॉल्या घ्यायच्या, नीट करायच्या, विकायच्या. सुरुवात दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसण्यापासून झाली. शाळा सातवीत सुटली. इंग्रजी शिकलो ते ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकांतून आणि कंपन्यांच्या माणसांशी भांडून. ते आपसात बोलायचे ते मी उचलायचो. बॉल इज इन युवर कोर्ट. टेक इट ऑर लीव्ह इट. नो हार्ड फीलिंग्ज. असं एखादं वाक्य मधेच टाकलं की टायवाला माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो, हे मी ध्यानात ठेवलं. आणि धंद्यात एक नियम पाळला. मधे दलाल नको. दलाल दोन्हीकडे गोड बोलतो आणि दोन्हीकडचं खरं खाऊन टाकतो.

मुलगी जालन्यात इंजिनिअर झाली, पुढे नोकरीला स्वीडनला गेली. तिथल्याच एका मुलाशी लग्न करणार म्हणून तिनं एका सकाळी कळवलं. मी दोन आठवडे तिच्याशी बोललो नाही. मग मुलाला व्हिडिओवर पाहिलं. स्वतःच्या घराचं छप्पर स्वतः चढून नीट करत होता. हाताला काम येतं अशा माणसाला मी नाही म्हणू शकत नाही. माझी अट एकच होती. मुलाकडच्यांनी रीतीप्रमाणे आमच्या घरी यावं, चार माणसांत मुलीला मागणी घालावी. बाकी लग्न कुठंही करा.

ही अट मी कोणाला तोंडानं सांगितली नव्हती. सांगायची गोष्टच नाही ती.

दिवाळीत व्याह्यांशी पहिल्यांदा व्हिडिओवर समोरासमोर बोललो. ते तिकडच्या एका खेड्यात सुतारकाम करतात. इंग्रजी जेमतेम. मी इंग्रजीत बोलायचो, मुलगा शेजारी बसून बापाला स्वीडिशमध्ये सांगायचा. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, आम्ही आधी तुमच्याकडे जालन्याला यावं का? मला मनातून फार बरं वाटलं. आपल्याकडे अशा वेळी कोणीही जे म्हणेल तेच मी म्हणालो. नो नो, व्हाय टेक ट्रबल, सो फार. मुलानं ते बापाला सांगितलं. बापानं मान हलवली, ‘ओके’ म्हणाले, आणि विषय संपला. मी वाट बघत राहिलो की आता हे म्हणतील, छे छे, त्रास कसला, येणारच. ते खिडकीबाहेर बघत होते.

पुढे तारखेचं निघालं तर ते काहीतरी बोलले आणि मुलानं त्याचं इंग्रजी करून सांगितलं की अजून गाय बर्फावर गेलेली नाही. घाई नाही म्हणायची त्यांची ती पद्धत. मी हसलो. फोन ठेवल्यावर हसू आलं नाही.

तरी मी धरून चाललो की येणार. माणूस एवढ्या लांबून मुलगी नेतो तर येतोच. घराला रंग दिला. वरच्या खोलीत इंग्रजी पद्धतीचा संडास बसवला, कूलर आणला, जमिनीवर बसता येत नसेल म्हणून खुर्च्या घेतल्या. बायकोनं कमी तिखटाचं पिठलं करून बघितलं आणि आम्हीच ते नाइलाजानं खाल्लं. वडीगोद्रीत बातमी झाली होती. शेजारचा टायरवाला रोज सकाळी शटर वर करताना विचारायचा, “काय शेठ, कधी येऊन राह्यले गोरे व्याही?” मी म्हणायचो येतील. संक्रांत झाली. मग तो विचारायचा, “शहागडच्या पुलावर वाट चुकले का काय?” आणि त्याच्याकडे पंक्चर काढायला थांबलेले ट्रकवाले हसायचे.

तशात तो मेसेज आला. लग्नाला या, गरम कपडे आणा, टाक.

मुलीला म्हणालो, त्यांना सांग. आधी इथं यायचं, मागणी घालायची, मगच आम्ही येतो. ती म्हणाली, “अण्णा, मी असं सांगणार नाही. तुम्ही स्वतः बोला.” ठीक आहे म्हणालो. एवीतेवी दलाल मला नकोच होता.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. सौदा अडला की आम्ही उठतो. लुंगी झटकतो, चपला घालतो, मोटारसायकलपाशी जातो. समोरचा ओळखून असतो. चपला पायात गेल्या तरी सौदा मोडलेला नसतो, गाडीला किक मारली तरी नसतो. तो ओटीवरून हाक मारतो, या, चहा तर घेऊन जा. मग आपण परत बसतो, आणि त्या हाकेत तो थोडा खाली आलेला असतो. असं उठून मी कितीतरी ट्रॅक्टर मिळवले. एकदाही हाकेशिवाय गेलो नाही.

तर मी उठायचं ठरवलं, स्वीडिशमध्ये.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा दुकानात बसलो. फोनला मराठीवरून स्वीडिश करायला सांगितलं, ते परत मराठी करून बघितलं तर माझी मुलगी ट्रॅक्टर झाली होती. म्हणून आधी इंग्रजीत लिहून त्याचं स्वीडिश करायचं ठरवलं. मुलीनं मागच्या सुट्टीत ठेवलेला इंग्रजी-स्वीडिश शब्दकोश घेतला. साध्या शब्दांना अडचण आली नाही. हाउस म्हणजे हूस, कम म्हणजे कोम. अडचण आली ती माझ्या आवडत्या वाक्यांना. बॉल इज इन युवर कोर्ट त्यांच्याकडेही निघालं, फक्त मैदान गायब. चेंडू तुमच्याजवळ पडलेला आहे, एवढंच. नुसता पडलेला. उचलायची काही जबाबदारी त्यात दिसेना. नो हार्ड फीलिंग्जला ‘इंगा सूरा मीनेर’, म्हणजे आंबट चेहरे नकोत. समोरच्या काचेत माझा चेहरा दिसत होता, आणि तो भलताच आंबट होता. पीस ऑफ केक मला लागणार नव्हतं, पण पानावर दिसलं. सोपं काम असलं की ते केकचा तुकडा म्हणत नाहीत, छोट्या धिरड्यासारखं सोपं म्हणतात. माझं काम धिरड्यासारखं नव्हतं. टायरवाला दोनदा डोकावून गेला.

शेवटी लिहिलं ते असं. आम्ही लग्नाला येणार नाही. चेंडू तुमच्याजवळ आहे. आंबट चेहरे नकोत.

बायकोला विचारलं नाही. तिची व्हिसाची फाइल तयार होती, जालन्याहून आणलेलं स्वेटर तिनं दोनदा घालून बघितलं होतं. तिचं म्हणणं पहिल्यापासून एकच. मुलीला हळद मी लावणार, बाकी तुमचं तुम्ही बघा. हळदीची पुडी तिनं स्वेटरच्या घडीत ठेवली होती. मला ते माहीत होतं. पण हाक येणार याची खात्री असलेला माणूस घरी विचारून उठत नाही.

मेसेज पाठवला आणि ओटीवरच्या हाकेची वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. मी समजलो. वाईट वाटलं. तुमच्या निर्णयाचा आम्ही मान राखतो. टाक.

मी ते दोनदा इंग्रजी करून बघितलं. मग शब्दकोशातून एकेक शब्द लावला. तेच निघालं. कोणी हाक मारली नव्हती. मी मोटारसायकलवर बसून गावाबाहेर आलो होतो, आणि मागे ओटीवर कोणीच उभं नव्हतं. आता गाय बर्फावर होती.

मुलीचा फोन आला तो बायकोनं उचलला. ऐकता ऐकता ती खाली बसली. मग तिनं फोन माझ्याकडे दिला आणि ती आत गेली.

मुलगी रडत नव्हती. रडली असती तर मला ओरडता आलं असतं. तिनं सांगितलं की दिवाळीतल्या त्या फोनच्या आधीच सासू-सासऱ्यांनी जालन्याला यायची सगळी तयारी केली होती. डॉक्टरकडे जाऊन भारतात जाण्याआधी घ्यायची इंजेक्शनंसुद्धा टोचून घेतली होती. तिच्या सासूचा हात दोन दिवस दुखत होता. मी नको म्हणालो म्हणून त्यांनी बेत मोडला.

मी म्हणालो, “आपल्यात असंच म्हणतेत, हे तू त्यायला का न्हाई सांगितलं?”

“सांगितलं होतं. सासरे म्हणाले, मुलीच्या वडिलांनी स्वतःच्या तोंडानं नको सांगितलंय. आपण त्यांच्या शब्दापुढं जायचं नाही.”

“मंग अजून एकदा तरी इचारायचं.”

“अण्णा, इथं एकदा नाही म्हटल्यावर परत विचारणं म्हणजे माणसाला जाच करणं. त्यांनी दोन्ही वेळा तुमचं ऐकलं. तुमचं एवढं तर मीसुद्धा ऐकत नाही.”

फोन ठेवून मी आत गेलो. बायको कपाटापुढे होती. स्वेटर काढून तिनं तळाच्या कप्प्यात, जुन्या चादरींखाली घातलं होतं. हळदीची पुडी स्वयंपाकघरात डब्यात रिकामी करत होती. मी म्हणालो, बघू, काहीतरी करतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमचा सौदा असंल. माही पोरगी हाय.”

मी अजूनही म्हणतो की त्यांनी दुसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं. कुठल्याही घरी पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढतात. पण हे म्हणायला मला वडीगोद्रीत कितीही माणसं मिळतील आणि तिकडे एकही नाही, आणि लग्न तिकडे होतं. उठून गेलेला माणूस हाकेशिवाय परत आला की समोरचा म्हणेल तो भाव. हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत शेकडो वेळा बघितलंय आणि त्यांच्यावर हसलोय.

दुपारी दुकानात गेलो. खुर्चीवर बसवेना, म्हणून विकायला आलेल्या एका ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसलो आणि गुडघ्यावर शब्दकोश ठेवला. या वेळी एकही ठेवणीतलं वाक्य घेतलं नाही. चेंडू नाही, चेहरे नाहीत. इंग्रजीत लिहून एकेक शब्दाचं स्वीडिश केलं: मी नको म्हणालो. मला हो म्हणायचं होतं. फेब्रुवारीत माझ्या घरी या. माझ्या मुलीला मागणी घाला. मग जूनमध्ये आम्ही येतो.

असं मी आयुष्यात कोणाला बोललो नव्हतो. ट्रॅक्टर विकत घेताना मला तो पाहिजे आहे हेसुद्धा मी चेहऱ्यावर दिसू दिलेलं नाही. मराठीत हे माझ्या तोंडून निघालंच नसतं. स्वीडिशमध्ये शब्द परके होते, ते एकेक करून खाली ठेवता आले, पार्ट ठेवावेत तसे.

शेवटी ‘प्लीज’वर येऊन थांबलो. स्नेल्ला लिहिलं. चॉकलेट मागणारी लेकरं डोळ्यांपुढे आली. खोडलं. मग लक्षात आलं की त्यांचीच रीत माझ्या कामाची आहे. आधीच आभार मानून टाकले की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहत नाही. लिहिलं, टाक. पाठवलं.

संध्याकाळपर्यंत फोन मेल्यासारखा पडून होता. टायरवाल्यानं चहा पाठवला, तो तसाच गार झाला. घरी आलो. बायकोनं ताट वाढलं आणि ती भिंतीला टेकून बसली. मी पहिला घास घेतला आणि फोन वाजला. मी हात न धुताच उघडला.

येतो. कुठला आठवडा? सोबत काय आणायचं?

मी बायकोला वाचून दाखवलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुसता पुसताच म्हणाली, “कशाला, काही नको म्हणा त्यायला. एवढ्या लांबून येतेत.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

मी डाव्या हातानं टाइप करायला घेतलं. मुलीसाठी साडी आणा, तिच्या आईसाठी साडी आणा, नारळ इथं मिळतो. आमच्या ओसरीवर लोक बसलेले असतील, त्यांच्यापुढे उभं राहून मोठ्यानं सांगा की मुलगी मागायला आलो. आणि जालन्याहून येताना गाडी आधी माझ्या दुकानावर थांबेल, शेजारच्या टायरवाल्याला हात हलवून रामराम करायचा.

“एवढं मागतेत का कुठं?” बायको म्हणाली.

“आता मागतेत,” मी म्हणालो, आणि शेवटी टाक लिहिलं.