गाडीचं टायमिंग आणि माझा जळफळाट

गेल्या रविवारी नगरजवळच्या चांदबिबी महालाच्या चढावर मी नवऱ्याशी चक्क खोटं बोलले... कारण ऐकाल तर हसाल. मला आमच्या गाडीचा मत्सर वाटतो.

जुनी, कारब्युरेटरवाली कार आहे. आमचे हे नागापूर एमआयडीसीत प्रेस शॉपला, पत्रे ठोकणाऱ्या अवजड मशिनींवर. आठवड्यात एकच सुट्टी, आणि ती सगळी हिची! मी नवी साडी नेसून समोरून गेले तरी ह्यांची मान वर होत नाही, पण हिचं काही बिनसल्याची शंका आली की भरल्या ताटावरून उठतात.

दर रविवारी तेच. डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे स्पार्कचं टायमिंग ठरवणाऱ्या डबीचा, नट ढिला करायचा, डबी केसभर फिरवायची, नट आवळायचा आणि चढावर ट्रायल. स्पार्क थोडा आधी पडला की पिकअप वाढतो, फार आधी पडला की चढावर इंजिन वाजतं... ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. कॉलनीतल्या लोकांना ह्यांच्या कानाचं भारी कौतुक. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतात म्हणे!

आणि ट्रायलला शेजारी कोण? बाळूभाऊ, ह्यांचे कंपनीतले मित्र. दोन वर्षं झाली, मला एकदाही 'चल' म्हणून नाही. खरं सांगते, त्या माणसावरही मी मनातून जळायचे.

रविवारी बाळूभाऊ लग्नाला नेवाशाला गेले, तेव्हा कुठे बायकोची आठवण झाली. "चल गं जरा चढापर्यंत." मी लगेच थर्मासमध्ये चहा भरला, केसांना क्लिप लावली... हसू नका, मला खरंच आनंद झाला होता.

चढ लागला. गाडी तिसऱ्यात टाकून ह्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि विचारलं, "वाजतंय का गं?" हलकी कटकट येत होती, स्टीलच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखी. मी हो म्हणाले. खाली आलो, बॉनेट उघडलं, डबी फिरवली, परत वर. परत तोच प्रश्न... असं चार वेळा. चहा थर्मासमध्येच. माझ्याशी बोलायचं ते पण हिच्या तब्येतीबद्दल! माझं डोकं फिरलं.

पाचव्या खेपेला टायमिंग जरा जास्तच पुढे गेलं असावं. इंजिन चांगलंच वाजत होतं. "वाजतंय?" मी खिडकीबाहेर बघत ठसक्यात म्हणाले, "नाही." म्हटलं, माझं खोटं ह्यांना ऐकूनच कळेल, आता चिडतील... चिडू देत, निदान माझ्याशी भांडतील तरी.

हे हसले. "आता जमलं बघ. लई भारी चढतीया." गाडी बाजूला घेतली, नट गच्च आवळला, हात पुसले आणि चहा मागितला.

थर्मासचं झाकण माझ्या हातातच राहिलं. एवढं वाजत होतं आणि ह्यांना ऐकूच आलं नव्हतं... प्रेसच्या दणक्यात इतकी वर्षं काढलेले कान! म्हणजे बाळूभाऊ गप्पा मारायला येत नव्हते, ह्यांच्यासाठी ऐकायला येत होते.

"अहो, मी खोटं बोलले. वाजतंय अजून."

ह्यांनी पान्हा पुन्हा उचलला. मग हळूच म्हणाले, "न्हाई येत गं आता बारीक आवाज. दोन वर्षं झाली... तुला सांगायची लाज वाटत हुती." मला इतकं रडू आलं. घरी टीव्हीचा आवाज मोठा केला म्हणून मी किती बोलले होते ह्यांना...

कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आणि हे सगळं ह्यांना विचारूनच लिहितेय, गैरसमज नको.

चहा पिऊन आम्ही पुन्हा चढाला लागलो. मी काच पूर्ण खाली घेतली, जीव कानात आणून ऐकलं आणि दर खेपेला सांगत गेले. अजून जरा मागे घ्या... अजून थोडं... बास. ह्यांनी परत विचारलं नाही, पुन्हा ट्रायल नाही, नुसत्या माझ्या शब्दावर नट आवळून टाकला. मी थोड्या वेळापूर्वीच फसवलं होतं, तरीही.

सत्तावीस वर्षांच्या संसारात एवढं मोठं काही मला मिळालं नव्हतं. वाईट एवढंच वाटतं, की ते मिळायला ह्यांचे कान जावे लागले.